पूर्वभागातले माग काचेत ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या वारशावरचा लेख वाचला. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं मंदिर आणि तलाव, इंद्रभुवन, चार हुतात्मा चौक, डॉ. कोटणीसांचं स्मारक, सगळं त्यात आलं. शेवटी एक सूचना होती की वस्त्रोद्योगाची आठवण म्हणून एखादं संग्रहालय व्हावं आणि त्यात एक जुना माग ठेवावा. सूचना चांगल्या मनानं केलेली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मी ज्या पूर्वभागात, म्हणजे गावातल्या विणकरांच्या वस्तीत, जन्मलो आणि जिथे उभी हयात जॅकार्डची, म्हणजे कापडावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करण्यात (त्यांना नक्षीबरहुकूम भोकं पाडण्यात) घालवली, त्या पूर्वभागाचा अख्ख्या लेखात पत्ता नव्हता. साखर पेठ नाही, दाजी पेठ नाही, भद्रावती पेठ नाही, कन्ना चौक नाही. जणू सोलापूरची चादर किल्ल्याच्या बुरुजावर विणली गेली.

पत्र लांब होणार आहे. कापायचं तर कापा, पण मधला फ्रान्सचा भाग तेवढा राहू द्या. मुद्दा त्यातच आहे.

माझी लेक फ्रान्समध्ये लियाँ शहरात नोकरीला आहे. तिच्या बाळंतपणाला मी आणि आमची मंडळी जाऊन राहिलो. बाळंतपणाच्या घरात पुरुषमाणसाला काम नसतं, उलट तो पायात येतो. त्यामुळे सकाळी चहा झाला की मी बाहेर पडायचो. लेक राहते त्या भागाचं नाव क्र्वा-रूस. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या मधली टेकडी, तिचा चढ आणि वरचं पठार. आज पठार लियाँचा चौथा वॉर्ड आहे, पण १८५२पर्यंत ती स्वतंत्र नगरपालिका होती. मध्ये तटबंदी, तटाच्या आत शहर आणि बाहेर हे उपनगर. शहरात शिरणाऱ्या मालावर जकात लागायची, तटाबाहेर नाही. म्हणून वर दारू स्वस्त, खाणं स्वस्त. राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त झाल्या होत्या, त्या बांधकामाला मोकळ्या मिळाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत तिथे रेशीम विणणाऱ्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. त्या विणकरांना तिकडे कान्यू म्हणतात.

घरं बघून मी रस्त्यातच थांबलो. पाच-सहा मजली साध्या भिंती, नक्षी नाही, सज्जे नाहीत, फक्त उंचच उंच खिडक्या एकीला एक लागून. आत छत जवळजवळ चार मीटर उंच. आपल्याकडे जुन्या वाड्यांत उंच छत म्हणजे श्रीमंती. तिथे ते मागासाठी होतं, कारण जॅकार्ड मागाच्या डोक्यावर बसतो आणि त्याला उंची लागते. खिडक्या मोठ्या, कारण रेशमाचा तुटलेला धागा अंधारात दिसत नाही. छताच्या ओक लाकडाच्या तुळया उघड्याच ठेवलेल्या, कारण माग चालताना डुलतो, तेव्हा त्याला वर टेकू देऊन तुळईला घट्ट आवळायचं. आणि माणसं? खोलीच्या एका कोपऱ्यात चूल, चुलीवर लाकडी माळा आणि माळ्यावर नवरा-बायको-पोरं. घर आधी मागासाठी बांधलं, उरलेल्या जागेत संसार मांडला.

पूर्वभागातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे खाली माग, वर बिऱ्हाड. माग चालू असला की भांड्यांची मांडणी थरथरायची आणि रात्री वीज गेली की पोरं झोपेतून उठून बसायची, कारण आवाज थांबला. घरातल्या बायका कांड्या भरायच्या, नाहीतर दारात बसून विड्या वळायच्या. तेलंगणातून आलेल्या आमच्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, आज्या-पणज्यांनी हे असंच लावून दिलं. घरात तेलुगू, दारात मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड आणि सगळ्यांवर मागाचा खडखडाट.

आता जाकारबद्दल. ज्याच्या नावाची चादर आपण देशोदेशी विकतो तो जोसेफ मारी जाकार, म्हणजे आपला जॅकार्ड, लियाँचाच. जन्म १७५२चा. त्याच्या आधी नक्षीचं कापड विणायचं तर मागाच्या बाजूला एक पोरगं उभं करायचं आणि त्यानं विणकराच्या हाकेसरशी दोऱ्यांचे जुडगे ओढायचे. दिवसभर. जाकारनं आधीच्या कारागिरांच्या युक्त्या एकत्र करून १८०४मध्ये जे यंत्र आणलं, त्यानं त्या पोराची सुटका केली. कार्डात भोक असेल तिथे सुई आत जाते, हुक जागेवर राहतो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे कार्ड सुईला मागे ढकलतं आणि धागा खाली राहतो. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेकीला एक कार्ड. चादरीवरचा मोर म्हणजे शेवटी ओळीनं शिवलेली कार्डंच. नेपोलियननं १८०५मध्ये यंत्राचे हक्क लियाँ शहराला देऊन जाकारला पेन्शन बांधून दिली. क्र्वा-रूसच्या चौकात आज त्याचा पुतळा आहे. सोलापुरात त्याच्या नावाचा एखादा बोळही नाही, पण ते एक राहू द्या.

मेझों दे कान्यू म्हणून एक जागा तिथे आहे. विणकरांच्या सहकारी संस्थेनं १९७० साली ती सुरू केली. आत जुना माग आहे आणि तो चालवून दाखवतात. दाखवणारी पोरगी धोटा टाकत होती, पायानं पावडी दाबत होती आणि माझं लक्ष फक्त वर फिरणाऱ्या कार्डांवर. लेकीनं तिला सांगितलं की वडिलांचं हेच काम होतं. तिनं माग थांबवला आणि एक सुटं कार्ड माझ्या हातात दिलं. मी डोळे मिटून भोकांवरून अंगठा फिरवला. कडेची मोठी भोकं खुंट्यांची, मग ओळी, मग जिथे भोकं दाट आहेत तिथे फूल भरीव आहे आणि जिथे विरळ आहेत तिथे जमीन. "हे काठाचं कार्ड आहे, अंगाचं नाही," असं मी मराठीत म्हणालो आणि लेकीनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. पोरगी हसली आणि तिनं मान डोलावली. या वयात परीक्षा पास झाल्याचा आनंद झाला.

तर त्या टेकडीचा इतिहास नुसता कापडाचा नाही, मजुरीचाही आहे. रचना आपल्यासारखीच तीन मजल्यांची. वर रेशीम आणि नक्षी देणारा व्यापारी, मध्ये स्वतःचे दोन-चार माग असलेला कारखानदार, खाली त्याच्या मागावर बसणारा मजूर. पैसे मीटरवर आणि मिळालेल्या मजुरीतला अर्धा वाटा मजुराचा. भाव पडत गेले तेव्हा विणकरांनी किमान मजुरीचा तक्ता मागितला. प्रीफेक्टनं, म्हणजे तिथल्या कलेक्टरनं, दोन्ही बाजूंना बसवून २५ ऑक्टोबर १८३१ला तो ठरवला. शंभरएक व्यापारी म्हणाले, आम्हाला मान्य नाही. २१ नोव्हेंबरला क्र्वा-रूसचे विणकर काळा झेंडा घेऊन टेकडी उतरले. झेंड्यावर लिहिलेलं होतं की काम करून जगू, नाहीतर लढून मरू. लढाई झाली आणि दोन्ही बाजूंची मिळून दीडशेच्या वर माणसं मेली. फौज शहर सोडून गेली, शहर विणकरांच्या हातात आलं आणि त्यांनी काय केलं? लूट होऊ नये म्हणून पहारे बसवले. मग पॅरिसहून मार्शल सूल्त वीस हजारांची फौज घेऊन आला, तक्ता रद्द झाला आणि तो ठरवून देणाऱ्या प्रीफेक्टलाही परत बोलावलं. एप्रिल १८३४मध्ये पुन्हा उठाव झाला, तो आणखी रक्तानं दडपला.

हे वाचताना सोलापूरकराला मे १९३० आठवल्याशिवाय राहत नाही. गांधीजींच्या अटकेनंतर गोळीबार झाला, पोलीस गाव सोडून गेले, दोन-तीन दिवस गाव गावकऱ्यांनीच चालवलं आणि मग मार्शल लॉ आला. जानेवारी १९३१मध्ये येरवड्याला चौघे फासावर गेले. त्यांचा चौक आपल्याकडे आहे आणि तो असलाच पाहिजे. पण त्या गर्दीत गिरण्यांचे आणि मागांचे कामगार किती होते, ते कुठल्या चाळींतून निघाले, त्या चाळी आज कुठे आहेत, हे दाखवणारी एक पाटीसुद्धा गावात माझ्या पाहण्यात नाही.

एक गोष्ट खास आपल्यासाठी, संपादक महोदय. त्या विणकरांचं स्वतःचं साप्ताहिक होतं, 'लेको द ला फाब्रिक'. १८३१च्या ऑक्टोबरात निघालं आणि १८३४मध्ये बंद पडलं. व्यापारी आणि विणकर यांच्या तंट्यांसाठी लियाँत १८०६पासून पंच-न्यायालय होतं. त्याच्या सुनावण्यांची हकीकत हे साप्ताहिक दर आठवड्याला छापायचं: कुणी मजुरी कापली, कुणी सूत कमी भरलं, निकाल काय लागला. सुताच्या वजनाची तर तिथे वेगळी इमारतच होती. रेशीम हवेतला ओलावा शोषतं आणि हाताला कोरडंच लागतं, त्यामुळे वजनात गफलत सोपी. म्हणून सरकारी देखरेखीत ते ठराविक कोरडं करून मगच त्याचं वजन धरायचं. ती इमारत उतारावर अजून उभी आहे आणि आत आता वाचनालय आहे. मी आत जाऊन बसलो. भाषा येत नव्हती म्हणून चित्रांची पुस्तकं चाळली.

त्याच चढावर १८३५मध्ये मिशेल देरियों नावाच्या माणसानं सहकारी दुकान काढलं. इंग्लंडच्या रॉचडेलचं नाव आपण सहकाराच्या पुस्तकात पाठ करतो, ते १८४४चं. देरियोंचं दुकान तीन वर्षांत बंद पडलं, तरी त्याची पाटी भिंतीवर आहे. पाटी बघून मला आपल्या बंद पडलेल्या विणकर सोसायट्या आठवल्या. त्यांच्या पाट्या निघाल्या तेव्हा आधी कुलपं निघाली आणि मग पत्रे.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं तिथे टिकलं कसं? त्या टेकडीचा उतार १९९८मध्ये लियाँच्या जुन्या भागाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला, हे खरं. पण यादीनं भिंत उभी राहत नाही. मला जे शिकण्यासारखं वाटलं ते अगदी बारीक व्यवहाराचं आहे. त्या इमारतींच्या पोटातून बोळ जातात, त्राबूल. एका गल्लीतून शिरायचं, अंगण ओलांडायचं, जिना उतरायचा आणि खालच्या गल्लीत निघायचं. बांधलेलं रेशीम पावसात न भिजता खाली नेता यायचं आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवणाऱ्यांनाही त्या वाटांचा उपयोग झाला. असे शेकडो बोळ आहेत आणि बहुतेक खासगी मालकीचे, लोक तिथे राहतात. त्यातल्या काहींच्या मालकांशी महापालिकेनं करार केले आहेत. मालकानं दिवसा दार उघडं ठेवायचं. त्या बदल्यात बोळातली दिवाबत्ती, झाडलोट आणि देखभालीचा वाटा महापालिकेकडे. बस. जमीन ताब्यात घेणं नाही, कोर्टकचेरी नाही. दारावर पाटी असते की इथे माणसं राहतात, हळू बोला.

दुसरी गोष्ट तिथल्या 'सुवारी व्हिवांत' या संस्थेची. १९९३पासून ही मंडळी जुने विणकर गेल्यावर त्यांचे माग हलवू न देण्याच्या मागे आहेत. झालर-पट्ट्या विणायचा एक कारखाना शहराच्या मालकीचा आहे. तो होता त्याच घरात, त्याच मजल्यावर आहे. माळा आहे, चूल आहे, खुंट्या आहेत आणि माग चालतो. माग उचलून मोठ्या दालनात नेला असता तर तो नुसता लाकडाचा सांगाडा झाला असता. उंच छत का, खिडकी एवढी का, माळा का, हे त्या खोलीतच कळतं. म्हणून मी संग्रहालयातल्या काचेला घाबरतो.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. ज्या खोल्यांत विणकर उपाशी झोपला त्या खोल्यांचं उंच छत आता इंजिनिअर-डॉक्टरांना आवडतं. लेक आणि जावई दोघं कमावतात, तरी भाडं ऐकून माझी छाती दडपली. टेकडीवर बाराशे चौरस मीटरची भिंत रंगवलेली आहे, १९८७ची. खिडक्या, जिने, दुकानं, माणसं, सगळं चित्रातलं, लांबून खरं वाटतं. दर काही वर्षांनी, १९९७ आणि २०१३मध्ये, ती पुन्हा रंगवली आणि त्यात काळ पुढे सरकवून दाखवला. भिंत फार सुंदर आहे. पण चित्रात विणकर शोधावा लागतो आणि टेकडीवर तर त्याहून जास्त. पूर्वभागात अजून माणूस मागाजवळ आहे. फ्रान्सच्या पुढे आपण आहोत ते एवढ्याच एका बाबतीत, आणि तेही झपाट्यानं संपत चाललंय. माग भंगारात निघताहेत, पोरं पुण्याला जाताहेत, चादरीची नक्षी आता कॉम्प्युटरवर होते. त्याला माझा विरोध नाही. माझा अंगठा जे दिवसभरात करायचा ते यंत्र चहा पिईपर्यंत करतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक घर होतं. खाली माग, भिंतीला लाकडी घोडे आणि त्यांवर जुन्या नक्ष्यांच्या कार्डांच्या माळा टांगलेल्या. त्यातल्या काही माझ्या उस्तादांनी हातानं पंच केलेल्या. मालक गेले, वाटण्या झाल्या, घर बिल्डरला गेलं. कार्डं रद्दीवाल्यानं किलोवर नेली. मी पोचलो तेव्हा टेम्पोत पोती भरून झाली होती. तोंड उघड्या एका पोत्यातून कोयरीच्या नक्षीची कार्डं बाहेर आली होती, मी ती ओळखली. मालकाच्या पोरांना दोष देत नाही. कार्डांना किंमत आहे हे त्यांना कोण सांगणार होतं? आपल्या पुरवणीनं तर नाही सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं असं. संग्रहालयाचा प्रस्ताव, निविदा, भूमिपूजन हे होईल तेव्हा होईल. त्याआधी महापालिकेनं पूर्वभागातली माग चालू असलेली जुनी घरं नुसती मोजून घ्यावीत. पत्ता, बांधकाम कधीचं, माग कुठला, कार्डं आहेत की नाहीत. आपल्या आर्किटेक्चर कॉलेजची पोरं हे एका सुट्टीत करतील. जे मालक तयार असतील त्यांच्याशी लियाँसारखा साधा करार करावा: वर्षातून ठरलेल्या दिवशी घर उघडं ठेवायचं आणि त्या बदल्यात घरपट्टीत थोडी सूट, दारासमोर दिवा आणि गटारीची साफसफाई. सक्ती अजिबात नको. सक्ती म्हटली की पूर्वभाग उलटा फिरतो.

फ्रान्समध्ये १९८४पासून सप्टेंबरात वारसा-दिवस पाळतात. एरवी बंद असलेली दारं त्या दोन दिवसांत उघडतात आणि लोक रांगा लावतात. आपल्याला सप्टेंबर शोधायची गरज नाही, खंडेनवमी आहे. त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात माग धुतलेला-पुसलेला, तेलपाणी केलेला, झेंडूची माळ घातलेला असतो, काम बंद असतं आणि मालक घरी असतो. येणाऱ्याला पेढा मिळतोच. फक्त दार गल्लीतल्यांसाठी उघडं असतं ते गावासाठी उघडायचं. शाळेची पोरं आणा. पुढच्या पेठांतल्या मंडळींनाही आणा, कारण कन्ना चौकाच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेले सोलापूरकर मला ठाऊक आहेत आणि त्यांच्या पलंगावर आमचीच चादर असते.

माझ्याकडे हातानं चालणारं कार्ड पंचिंगचं मशीन आहे आणि ग्राफच्या वह्या आहेत. त्या दिवशी मी ते घेऊन कुठल्याही घरात बसायला तयार आहे. पोरांनी आपलं नाव चौकटीत लिहून आणावं, मी कार्ड पाडून देईन. घर उघडायला कुणी तयार असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे. सुरुवातीला चार घरं पुरे. दोघांशी बोलून ठेवलंय. एक लगेच हो म्हणाले. दुसऱ्यांच्या दोन अटी आहेत: चपला बाहेर काढायच्या आणि मागावर फोन ठेवून फोटो काढायचे नाहीत.

आपला,
एक निवृत्त कार्डकटर
भद्रावती पेठ, सोलापूर